सहा महिन्यांत फरक दिसला नाही, मग पीएचडी करू का?

आदरणीय मॅडम,

मी परभणी जिल्ह्यातली. यंदा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाले. शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट पुण्यातल्या एका लॅबमध्ये केला. एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना एका वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि ईजीएफ रिसेप्टर या पेशीवरच्या, वाढीचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाकडून येणारा सिग्नल कमी होतो का, हे फॉस्फो-ईआरकेच्या (फॉस्फेट चढलेल्या ईआरके प्रथिनाच्या) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणाऱ्या चाचणीवर बघायचं, असा विषय होता. सुरुवातीचे महिने ब्लॉट शिकण्यातच गेले. पुढे चांगले यायला लागले. यू०१२६ हे हाच सिग्नल अडवणारं रसायन दिलं की बँड जायचा, अर्क दिला की जसाच्या तसा. शेवटपर्यंत फरक दिसला नाही. प्रेझेंटेशनला परीक्षक म्हणाले, 'म्हणजे रिझल्ट काहीच नाही?'

जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली आहे. हैदराबादच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरीही मिळते आहे. घरी शेती आहे, कर्ज नाही, धाकटा भाऊ अकरावीला. अण्णा नको म्हणत नाहीत, पण विचारतात, 'अजून पाच वर्षं शिकून तू कॅन्सरवर औषध काढणार का?' मला उत्तर देता येत नाही. सिग्नलिंगमध्येच काम करावंसं वाटतं. पण सहा महिन्यांत एक रिझल्ट न काढता आलेल्या मुलीनं पीएचडीला जावं का? आणि गेलं तर गाइड कसा निवडायचा?

— एक वाचक

प्रिय मुली,

तुझा रिझल्ट आला होता. तो कुणी वाचला नाही, एवढंच.

तू वापरलेल्या २३१ पेशींची जनुकं या क्षेत्रात खूप जणांनी तपासलेली आहेत. त्यांच्यात के-रास या प्रथिनात तेराव्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसलेलं असतं. बी-रॅफ या दुसऱ्या प्रथिनातही असाच एक बदल, म्हणजे म्युटेशन, असतो. आता तुझा सगळा मार्ग डोळ्यांसमोर आण. बाहेरून ईजीएफ येऊन रिसेप्टरला चिकटतो, रिसेप्टर स्वतःच्याच टायरोसिनवर फॉस्फेट चढवतो, त्यावरून रास जागा होतो, रासकडून रॅफ, रॅफकडून मेक, मेककडून ईआरके. निरोगी पेशीत रास हा खटक्यासारखा असतो, काम झालं की स्वतःच बंद होतो. २३१ मध्ये तो खटका चालूच अडकून पडलेला आहे. मग तुझ्या अर्कानं वर रिसेप्टर अडवला काय आणि नाही अडवला काय, खाली ईआरकेला निरोप मिळतच राहणार. यू०१२६ मेकला अडवतं, म्हणजे रासच्या खालच्या पायरीला, म्हणून त्यानं बँड गेला. तुझ्या एकाच मेम्ब्रेनवर हे दोन्ही दिसत होतं.

मी तुझे ब्लॉट पाहिलेले नाहीत. त्यामुळे हे उत्तर बरोबरच आहे असा माझा दावा नाही. अर्कात काहीच दम नसेल, मात्रा कमी पडली असेल, तो माध्यमात नीट विरघळलाच नसेल, हेही होऊ शकतं. पण या शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात आणि सिग्नलिंगचं शास्त्र म्हणजे बहुतांशी हेच काम. त्याच २३१ पेशींत ईआरके सोडून खुद्द रिसेप्टरवरचा फॉस्फेट बघायचा. अर्कानं तो कमी होत असेल आणि ईआरके मात्र तसाच राहत असेल, तर अर्क काम करतोय आणि रास त्याला दाद देत नाही. किंवा एमडीए-एमबी-४६८ पेशी घ्यायच्या. त्यांच्यात ईजीएफ रिसेप्टर भरपूर असतो आणि रास धडधाकट असतो. तिथंही फरक पडला नाही, तर अर्काला रामराम ठोकायचा. तुला आणखी थोडा वेळ मिळाला असता आणि शेजारी बसून 'बँड का हलत नाही बरं?' असं विचारणारं कुणी असतं, तर याच 'काहीच नाही'तून चांगला प्रश्न उभा राहिला असता.

पीएचडीला जावं का, याचं उत्तर मला तुझ्या पत्रातल्या एका वाक्यात मिळालं. फरक दिसला नाही हे सांगताना यू०१२६ नं बँड जात होता हेही तू आवर्जून लिहिलंस. स्वतःहून कंट्रोल, म्हणजे प्रयोग नीट चालतोय हे दाखवणारी जोडीची चाचणी, सांगणारी माणसं या कामाला लागतात. अपेक्षित उत्तर आलं नाही म्हणून तू ते ओढूनताणून आणलं नाहीस. अर्काचा बँड 'थोडासा' फिकट दाखवणं किती सोपं होतं, हे तुलाही माहीत आहे.

तेव्हा जा. पण कशात जाते आहेस ते नीट बघून जा.

अण्णांचा प्रश्न मला फार योग्य वाटतो, त्याला बगल देऊ नकोस. खरं उत्तर 'नाही' असं आहे. तू एकटी पाच वर्षांत कॅन्सरवर औषध काढणार नाहीस, कुणीच काढत नाही. तुझ्या पेशींत अडकलेल्या त्या रासचीच गोष्ट अण्णांना सांग. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात रासच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे बाराव्या जागचं ग्लायसिन जाऊन तिथं व्हॅलिन येतं, हे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. तेव्हा लोकांना वाटलं, शत्रू सापडला, औषध आलंच. ते आलं नाही. रासचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की औषधाच्या रेणूला धरायला जागाच मिळेना. वर्षानुवर्षं 'रासवर औषध शक्य नाही' असंच शिकवलं गेलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात केव्हन शोकाट यांच्या गटानं रासच्या एका विशिष्ट रूपात, जिथं बाराव्या जागी सिस्टीन असतं, एक छोटासा खळगा शोधला. त्यात बसणारं पहिलं औषध, सोटोरासिब, मे २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. १९८२ ते २०२१, म्हणजे ३९ वर्षं. आणि तेही फक्त सिस्टीनवाल्या रूपासाठी. तुझ्या २३१ पेशींना त्याचा उपयोग नाही. शिवाय ज्यांना उपयोग होतो, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांची गाठ काही महिन्यांनी दुसरी वाट काढून परत वाढते.

हे निराश करण्यासाठी लिहीत नाही. या ३९ वर्षांत हजारो पीएचडी झाल्या. कुणी रासची रचना सोडवली, कुणी रॅफ त्याला कसा चिकटतो ते पाहिलं, कुणी आशेनं घेतलेली औषधं का चालत नाहीत ते दाखवलं. ही कामं झाली नसती तर तो खळगा कुठं शोधायचा हे शोकाट यांनाही कळलं नसतं. अण्णांना सांग, औषध माझ्याकडून निघणार नाही, पण ज्या कामातून औषध निघतं ते काम मी करणार आहे. पेरणी करून पावसाची वाट बघणाऱ्या माणसाला एवढं नक्की समजेल.

लवकर फळाला आलेली उदाहरणंही आहेत, पण 'लवकर' म्हणजे किती ते बघ. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत एक क्रोमोसोम आखूड दिसतो, हे १९६० मध्ये फिलाडेल्फियात लक्षात आलं. तो तुकडा हरवलेला नाही, नऊ आणि बावीस नंबरच्या क्रोमोसोमांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. मुलं लहान असताना त्या बरीच वर्षं अर्धवेळ काम करत होत्या. क्रोमोसोमचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांच्या जोड्या लावत बसायच्या. त्या अदलाबदलीतून तयार होणारं बीसीआर-एबीएल हे प्रथिन म्हणजे सतत चालू राहिलेला टायरोसिन कायनेज, म्हणजे टायरोसिनवर फॉस्फेट चढवणारं विकर. त्याला अडवणारं इमॅटिनिब २००१ मध्ये मंजूर झालं आणि या आजाराचं रूपच पालटलं. आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेकच्या (इमॅटिनिबचं मूळ कंपनीचं नाव) पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून इथल्या कंपन्यांचं स्वस्त इमॅटिनिब रुग्णांना मिळत राहिलं. ते बनवणाऱ्यांत हैदराबादची नॅटको होती.

हे मुद्दाम सांगते आहे. क्वालिटी कंट्रोलची नोकरी तुला कमी दर्जाची वाटत असेल तर तो विचार काढून टाक. त्या गोळीची प्रत्येक बॅच तपासणारी माणसं नसती तर सगळं संशोधन कागदावरच राहिलं असतं. घराला तुझ्या पगाराची गरज असती तर मी तुला बिनदिक्कत हैदराबादला पाठवलं असतं. तुझ्या पत्रावरून तशी निकड दिसत नाही आणि तुझं मन ब्लॉटमध्ये अडकलं आहे. म्हणून पीएचडी.

पैशांचं स्पष्ट बोलू. जेआरएफची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं एसआरएफ (वरची फेलोशिप) झालं की ४२,०००, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. मिळून पाच वर्षं. पैसे दर महिन्याला वेळेवर जमा होतीलच असं नाही, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. म्हणून सुरुवातीला थोडी शिल्लक हाताशी ठेव. आणि प्रायोगिक पीएचडी पाच वर्षांत संपलीच नाही तर शेवटचं वर्ष कशावर काढायचं, याची सोय काही संस्थांत असते, काहींत नसते. प्रवेश घेण्याआधी विचार. जेआरएफच्या पत्रावर कधीपर्यंत रुजू व्हायचं त्याची मुदत लिहिलेली असते, ती आजच बघून ठेव.

संस्था आपल्याकडे चांगल्या आहेत. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, मुंबईत टीआयएफआर, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक. कर्करोगावर काम करायचं तर अ‍ॅक्ट्रेकचा एक मोठा फायदा आहे. शेजारी रुग्णालय असल्यामुळे रुग्णांच्या गाठींचे नमुने आणि ते समजावून सांगणारे डॉक्टर जवळ असतात. फक्त बाटलीतल्या पेशींवर काम करणाऱ्याला ही जोड मिळत नाही. प्रत्येक संस्थेची प्रवेशाची तऱ्हा वेगळी असते, मुलाखती वेगळ्या, तारखा वेगळ्या. संकेतस्थळावर दर आठवड्याला नजर ठेव.

अ‍ॅक्ट्रेकचं मूळ परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहे. तिथं कमल रणदिवे यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. त्या पुण्याच्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीनं डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटायचं. त्या एम.एस्सी. झाल्या त्या वनस्पतींच्या पेशींवर काम करून. मग मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केली, पुढं बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या माणसाच्या हेला पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढल्या तेच हे गाय. परत येऊन त्यांनी उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर आणि आनुवंशिकतेवर काम केलं, १९७३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली. तू ज्या पेशी बाटलीत वाढवल्यास ती विद्या या देशात रुजवण्यात एका मराठी बाईचा हात आहे, हे अण्णांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

आता गाइडचं. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तू तो शेवटी, घाईघाईत विचारला आहेस. माझं ठाम मत आहे, संस्थेच्या नावापेक्षा आणि विषयापेक्षाही गाइड मोठा. रासवर करायचं की नॉच किंवा विंट या दुसऱ्या सिग्नलमार्गांवर, हे दोन वर्षांत बदलू शकतं. गाइड बदलणं महाकठीण.

लॅब बघायला जा आणि गाइडशी बोलून झालं की त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर कँटीनला चहा घे, गाइड बरोबर नसताना. आधीच्या मुलांना पीएचडीला किती वर्षं लागली? ती आता कुठं आहेत? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? मध्येच सोडून कुणी गेलं का, आणि का? मुलं या प्रश्नांवर गप्प झाली तर ते गप्प होणंही ध्यानात ठेव. गाइडला मात्र एक वेगळा प्रश्न विचार: 'गेल्या दोन वर्षांत तुमच्या लॅबमध्ये कुठला अंदाज चुकीचा ठरला?' जो माणूस उत्साहानं सांगायला लागेल, फळ्यावर बाण काढून दाखवेल, त्याच्याकडे जा. 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणणाऱ्याकडे नको.

मग लॅबकडे बघ. पेशी ज्या नावानं ठेवल्या आहेत त्याच आहेत याची एसटीआर चाचणी करतात का? मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत शिरणारे जिवाणू) दर महिन्याला तपासतात का? एमडीए-एमबी-४३५ या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि पुढं कळलं की त्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, आहेत. त्यांच्यावरचे किती प्रबंध त्या एका गोष्टीनं डळमळले असतील, विचार कर. लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) बर्फावर करतात का, बफरमध्ये फॉस्फेट टिकवणारं व्हॅनाडेट ताजं घालतात का? फॉस्फो-अँटिबॉडी लावताना मेम्ब्रेन दुधाच्या पावडरमध्ये बुडवतात की बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणात? दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेट मिरवणारं प्रथिन असल्यानं काही अँटिबॉडींना त्याचा त्रास होतो. हे तू विचारलंस आणि तिथल्या मुलीनं कारणासकट उत्तर दिलं, तर त्या लॅबमध्ये शिकवतात असं समज. 'प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलंय' एवढंच उत्तर आलं तर पुढं चल.

ब्लॉटच्या मूळ, न कापलेल्या फायली कुठं ठेवल्या जातात, हेही विचार. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंधांतली चित्रं डोळ्यांनी तपासली. जवळजवळ चार टक्क्यांत तेच चित्र पुन्हा वापरल्यासारख्या गडबडी सापडल्या. त्यात ब्लॉट बरेच होते. त्याआधी २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीच्या लोकांनी लिहिलं होतं की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या निबंधांपैकी फक्त सहांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळवता आले. हे वाचून मला आजही वाईट वाटतं. कारण त्या निबंधांवर विसंबून कुणीतरी पुढची वर्षं घालवतं, औषधाची चाचणी आखतं, त्या चाचणीत रुग्ण येतात. कधी कुणी तुला 'हा बँड जरा साफ करून टाक' म्हणालं, तर ती लॅब सोड. फेलोशिप, वर्षं, लोक काय म्हणतील, काहीही आडवं आलं तरी सोड.

या कामातला आनंद कसा असतो तेही सांगते. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावर कुठल्या अमिनो आम्लाला फॉस्फेट लागतो ते बघत होते. तोवर सेरिन आणि थ्रिओनिन ही दोनच नावं महत्त्वाची मानली जात. बफर जुना होता, त्याचा पीएच थोडा उतरला होता. त्यामुळे एरवी थ्रिओनिनच्या ठिपक्याखाली झाकला जाणारा एक ठिपका वेगळा पडला. जुन्या बफरचा परिणाम म्हणून तो सोडून देता आला असता. हंटर यांनी फॉस्फोटायरोसिन स्वतः तयार केलं, शेजारी चालवलं आणि ताडून पाहिलं. तंतोतंत तोच. ईजीएफ रिसेप्टर, बीसीआर-एबीएल, त्यांच्यावरची औषधं, तुझा प्रोजेक्टसुद्धा, या सगळ्यांना त्या ठिपक्यानं वाट दिली. ताज्या बफरनं चालवणारे पुष्कळ होते. अनोळखी ठिपका दिसल्यावर त्या दिवशीचं ठरलेलं काम बाजूला ठेवणारे थोडे असतात. तू २३१ चा न हलणारा बँड बघून घरी जाऊन वाचत बसली असतीस का? मनातल्या मनात उत्तर दे. 'हो' असेल तर बाकीचं शिकता येतं.

पीएचडीनंतर काय, हे अण्णा विचारतीलच. प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा सगळ्यांना मिळत नाही, थोड्यांनाच मिळते आणि त्याआधी काही वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) करावं लागतं, बहुधा परदेशात. पण बऱ्याच कर्करोगांच्या उपचारात आता गाठीचं जनुक तपासूनच औषध ठरतं. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत ईजीएफआर (ईजीएफ रिसेप्टरचं जनुक) बघितल्याशिवाय चांगला डॉक्टर पुढं जात नाही. या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना, पुणे-बंगळुरू-हैदराबादच्या संशोधन कंपन्यांना, पेटंटचं काम करणाऱ्यांना सिग्नलिंग समजणारी माणसं हवी असतात. एक मात्र कर: पहिल्याच वर्षी आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा आणि जोडीला नीट संख्याशास्त्र शिक. नुसत्या ब्लॉटवर आता भागत नाही.

इंग्रजीची धास्ती तुझ्या पत्रात नाही, तरी मराठी शाळेतून आलेल्या पुष्कळ मुली मला त्याबद्दल विचारतात, म्हणून लिहिते. मुलाखतीत अडखळलीस तर थांब, फळ्यावर मार्ग काढून दाखव आणि बोट ठेवून बोल. चांगला परीक्षक तेवढ्यावर ओळखतो.

या आठवड्यात तीन-चार गाइड निवडून त्यांना मेल कर. मेल लहान ठेव. मी मेहनती आहे, लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, हे लिहू नकोस. त्यांचा अलीकडचा एक पेपर पूर्ण वाच आणि त्यातली एक आकृती तुला का पटली किंवा कुठं शंका आली ते दोन ओळींत लिही. मग तुझा प्रोजेक्ट तीन ओळींत: काय विचारलं होतं, काय दिसलं, २३१ मधल्या के-रासमुळे आता तुला काय वाटतं आणि पुढचा प्रयोग कोणता केला असतास. शेवटी विचार की पंधरा दिवस लॅबमध्ये येऊन काम बघता येईल का. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर. तरीही आलं नाही तर पुढच्या नावाकडे वळ.